गिरधरसाहेबांचे जीवन व कार्य

जर्मन म्हटलं की आमच्या घरात माणूस आठवत नसे, ॲल्युमिनियमचं भांडं आठवे. ताटल्या जर्मनच्या, तांब्या जर्मनचा, वरण शिजायचं ते पातेलंही जर्मनचं, बूड काळंठिक्कर आणि कडा कुत्र्यानं चावल्यासारख्या. म्हणून परभणीहून सुट्टीला आल्या आल्या मी मायला सांगितलं की गावात जर्मन आलाय, तेव्हा तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढत विचारलं, "जुनं मोडीत घेतोय का?" माणूस आलाय, जिता, जर्मनी देशाचा, पियानो वाजवणारा आणि स्वतः संगीत रचणारा, असं मी तिला समजावलं. पियानो म्हणजे काय हे मलाही नीट ठाऊक नव्हतं. पण कॉलेजात जाणाऱ्या पोराला ठाऊक नाही असं काही नसतं, निदान येस्टी पालमच्या पुढं आली की नसतं. "मोठी पेटी असती, माय. भजनातल्या पेटीची आजी म्हण." माय म्हणाली, "मंग तिला लय खोकला असंल." पुढं मला कळलं की आमच्या मायनं त्या माणसाचं सगळं संगीत एका वाक्यात सांगून टाकलं होतं.

गावाचं नाव इथं लिहीत नाही. लिहिलं तर तिथले लोक शाल-नारळ घेऊन माझ्या दारात येतील, आणि मला त्यांना चहा पाजावा लागेल. एवढ्या वर्षांनीही तो चहा मला पाजायचा नाही. गावचे सरपंच आप्पा. काळ्या रानाचे धनी, जिल्ह्यातल्या एका सूतगिरणीचे संचालक. त्या गिरणीत नवी यंत्रं जोडायला एक जर्मन इंजिनियर आला होता आणि त्याच्यासोबत त्याचा मेव्हणा, गेरहार्ट नावाचा, हवापालटाला. भादव्यात मराठवाड्यात हवापालटाला कोण येतं? हा आला. वाळकासारखा लांबट, पांढुरका, गुडघ्यापर्यंत चिखल आणि खांद्याला चामड्याच्या पेटीत टेपरेकॉर्डर. गावानं दुसऱ्या दिवशी त्याचा गिरधर करून टाकला आणि तोही मुकाट्यानं ओ देऊ लागला. आप्पांना सत्काराचा नाद होता. तहसीलदार, ढोरांचा डॉक्टर, विम्याचा एजंट, बदली होऊन चाललेला तलाठी, कुणीही गावातून नारळाशिवाय सुटलेला नव्हता. जर्मन तर त्यांना देवानंच धाडलेला. पंचाईत फक्त भाषेची होती. इंजिनियर दिवसभर गिरणीत अडकलेला, आणि हेडमास्तरांचं इंग्रजी फळ्यावर खडूनं लिहायला मिळालं तरच चालायचं.

तेव्हा माझं नाव निघालं. माझी लायकी सांगतो: बी. ए.चं दुसरं वर्ष, इंग्रजीचा पेपर एकदा राहिलेला. पण गावात फवारणीच्या डब्यावरची बारीक अक्षरं वाचून दाखवणारा मीच, त्यामुळं माझं इंग्रजी औषधासारखं जालीम आहे असा समज होता. येस्टी स्टँडवर कुणीतरी विचारलं, "सुद्या, जर्मन बी येतं का रं?" मी म्हणालो, "येतं की थोडंफार. इंग्रजीची सख्खी बहीण ती." ही अफवा दुपारपर्यंत आप्पांकडं पोचली आणि जन्मभर मला सुद्या म्हणणारे आप्पा म्हणाले, "या सुदामराव, वर बसा." वर म्हणजे मारुतीच्या पारावर. माझा बाप जन्मभर त्या पाराच्या खाली उभा राहिलेला. मांगाच्या पोराला पारावर बोलावलं, या आनंदात मी इतका भांबावलो की पायातली चप्पल हातात घेऊन वर चढलो, आणि साहेबानं हात पुढं केला तेव्हा मीही केला, चपलेसकट. गिरधरसाहेबानं ती चप्पल मोठ्या आदरानं धरून हलवली. त्याला वाटलं, इथली रीत असावी.

हेडमास्तरांनी मला काम नेमून दिलं: सत्काराच्या वेळी पाहुण्यांचे 'जीवन व कार्य' या विषयावर भाषण. त्यांचा साचा ठरलेला होता. जन्म गरीब कुटुंबात, लहानपणापासून बुद्धी कुशाग्र, आईचे संस्कार, रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास, शेवटी तरुणांनी आदर्श घ्यावा. "फक्त गावाचं नाव बदल," ते म्हणाले. तरी मी इमानदारीनं शाळेच्या ओसरीवर बसून साहेबाला त्याचं जीवन विचारलं. त्याचं इंग्रजी माझ्याएवढंच फाटकं होतं, म्हणून आमचं जमलं. एखादा शब्द नडला की तो बुटानं चिखलात चित्र काढी. पियानो त्यानं असाच दाखवला: बैलगाडीएवढी लाकडी पेटी, आत बाजेच्या सुंभासारख्या ताणलेल्या तारा, तारांवर लहान लहान हातोडे. तो चार वर्षांचा होता तेव्हा त्यांच्या शहरावर विमानांतून बॉम्ब पडले आणि त्यांची गल्ली जळाली. पुढं पडक्या भिंतींमधून खेळताना या पोराला एका छप्पर उडालेल्या घरात पियानो सापडला. निम्म्या तारा तुटलेल्या. एक पट्टी दाबली की सूर निघायचा, शेजारची दाबली की नुसतं 'ठप'. तो त्या पियानोवर शिकला. मोठा झाल्यावर संगीताच्या शाळेत धडधाकट पियानो मिळाला तर याला करमेना. सगळीकडून सूरच येत होते. मग त्यानं तारांमध्ये खिळे खोचले, रबर घातलं, कापडं कोंबली, आणि ते 'ठप' परत आणलं. त्याची एक रचना अशी की वादकानं पियानोचं झाकण उघडायचंच नाही, वरून वाजवायचा. दुसरीत इतकी लांब शांतता की ऐकणाऱ्यांचा खोकला हेच संगीत. सुरुवातीला लोक उठून गेले, आता तिकीट काढून खोकायला येतात. हे सांगताना तो स्वतःच हसला, आणि मला तो माणूस आवडला. हे कबूल केलं पाहिजे, कारण पुढचा राग त्यामुळंच जास्त आहे.

मी त्याला सांगू शकलो असतो की आमचीही गल्ली जळालेली आहे. सांगितलं नाही. त्याच्या जळण्याला विमानं होती, महायुद्ध होतं. आमच्या जळण्याला काय होतं? वारा.

ते असं झालं. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला, त्या दिवसांतली गोष्ट. मी तेव्हा शाळेत होतो. आप्पांचा गडी दुपारी आमच्याकडं आला. "लखमा, दवंडी दे. दिवे लागायच्या आत समद्यांनी मारुतीपाशी जमायचं." दवंडी आमच्या घराकडं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. कशासाठी, हे दवंडीवाल्यानं विचारायचं नसतं. बापानं अंगणात पाचट पेटवलं, हलगी तापवली आणि गल्लीगल्लीतून वाजवत फिरला. मग हातपाय धुऊन भाकरीला बसला. माणसं जमली. आणि ती जमलेली माणसं पलिते घेऊन थेट बौद्धवाड्यात शिरली. वारा आमच्या बाजूचा होता, म्हणून त्यांच्या घरांमागोमाग आमचीही गेली, शेळ्यांसकट, कणगीसकट; वाचली ती फक्त हलगी. पोलीस आले. आग कशी लागली ते समजून येत नाही, असं ठरलं. "माणूस तर मेलं न्हाई ना कुणी," असं गाव अजूनही म्हणतं, जणू ते आमच्यावर उपकारच आहेत. सकाळी बौद्धवाड्यातला एक म्हातारा राखेतून चालत बापापाशी आला आणि म्हणाला, "लखमा, तुला ठावं होतं का?" रागानं नाही, नुसतं विचारलं. बाप म्हणाला, "न्हाई." म्हातारा म्हणाला, "मला वाटलंच." आणि गेला. बस, एवढंच. त्या दिवसापासून बापानं हलगी खुंटीला टांगली. लग्न, जत्रा, पोळा, मयत, गावचं काहीही असो, वाजवणार नाही. मार खाल्ला, बलुत्याचं धान्य बंद झालं, पण हलगी खाली आली नाही.

आणि आता पारावर बसून हा गिरधरसाहेब मला विचारत होता, इथं एखादं चामड्याचं वाद्य आहे का? मी आप्पांना मराठीत सांगितलं. आप्पा माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "हाय की! ह्येचाच बाप वाजवतो. उद्या सत्काराला वाजवील म्हणावं." आणि मी, शहाणा, पदवीचा उमेदवार, काय केलं? त्याचं चोख इंग्रजी केलं. एकही शब्द गाळला नाही. आयुष्यात तेवढं बिनचूक भाषांतर मी पुन्हा कधी केलं नाही.

घरी आलो तर अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकरी आणि वर लसणाची फोडणी. अंबाडीचा आंबूस वास अजूनही आला की मला ती संध्याकाळ आठवते. बाप जेवत होता. मी ताटलीपासून जरा लांब बसलो.

"बाबा, त्यो जर्मन हलगी ऐकायची म्हणतोय. तुमची."

"कोण म्हणलं माजी?"

"आप्पा."

"आन् तू काय म्हणलास?"

"मी नुसतं इंग्रजीत केलं."

"ब्येस केलं. आता मराठीत ऐक. न्हाई."

तेवढ्यात आप्पांचा गडी दारात. आत आला नाही, उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "आप्पा म्हणायलेत, पाऊस लय झालाय. बांधावरनं माणसं जायलीत, बांध खचायलाय. बगू म्हणलेत काय करायचं त्ये." आणि गेला. बाहेरच्या माणसाला यात धमकी दिसणार नाही. आमच्या गल्लीतून सडकेवर जायला एकच कोरडी वाट होती, आप्पांच्या रानाच्या बांधावरची. ती बंद झाली की ओढ्यातून जायचं. काळ्या मातीतला भादव्यातला ओढा म्हणजे एक पाय काढावा तर दुसरा गुडघ्यापर्यंत आत. त्यातून बायांनी डोक्यावर ओझं घेऊन कामाला जायचं, लेकरांनी शाळेला.

मायनं परात आपटली. "जावा की. दोन ठोके मारून या. हात झिजतेत का तुमचे?"

"हात न्हाई झिजत," बाप म्हणाला.

"मंग काय झिजतंय? इज्जत? ती तवाच जळाली, घरासंगं. चिखल मला तुडवायचा हाय, तुमाला न्हाई. तुमी बसता खुंटीकडं बगत."

बापानं भाकरीचा शेवटचा तुकडा भाजीत फिरवला, खाल्ला, ताटलीत पाणी ओतून ती विसळून प्याला. "जातो," म्हणाला. मला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचाच मला लगेच राग आला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं हलगी खाली काढली, धोतराच्या सोग्यानं पुसली. माय पाचटाची पेंढी घेऊन आली, काडेपेटी आणली. बाप म्हणाला, "ऱ्हाऊ दे."

"कामून? तापवायची न्हाई?"

"न्हाई."

माय पेंढी धरून तशीच उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "आगं माय. थंडी वाजवायलेत का काय ह्ये? आप्पाच्या तोंडावर?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हलगीचं चामडं पावसाळ्यात लोळागोळा होतं. जाळावर धरून, फिरवून फिरवून तापवलं की ते ताणतं आणि मग हलगी अशी खणखणते की पलीकडच्या शिवारातला बैल मान वर करतो. थंडी हलगी कुणी वाजवत नाही. वाजवली तर तिला एकच अर्थ. आमच्या भागात ज्यानं वाजंत्र्याला फसवलं, लुबाडलं, पोटावर मारलं, त्याच्या दारात जाऊन आमची माणसं थंडी हलगी वाजवीत. बोलायची सोय नसलेल्या माणसानं दिलेली शिवी होती ती. ज्याच्या दारात ती वाजली त्याच्या घरी पुढं सोयरीक करायला लोक कचरत. माझ्या हयातीत मी ती ऐकली नव्हती; फक्त म्हातारी माणसं सांगायची.

शाळेपुढच्या पटांगणात सत्कार. पाऊस थांबलेला, सगळीकडं ओल. गिरधरसाहेबाला फेटा बांधलेला, तो कानावर घसरून त्याला एकाच बाजूनं ऐकू येत असावं. माझं भाषण सुरू झालं. घाबरून मी हेडमास्तरांचा साचा आणि साहेबाचं खरं आयुष्य यांची अशी काही खिचडी केली की, गिरधरसाहेबांचा जन्म जर्मनीतल्या एका गरीब पियानोत झाला असं मी म्हणून गेलो. कुणी हसलं नाही. आप्पांनी मान डोलावली. तारांत खिळे ठोकण्याचा भाग सांगितला तेव्हा मात्र आमचा सुतार पुढं सरकून ऐकू लागला. शेवटी मी म्हणालो, "आता माझे वडील लक्ष्मणराव हलगी वाजवतील." साहेबाला इंग्रजीतही नाव सांगितलं, दोनदा, सावकाश. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

बाप पुढं आला, आप्पांच्या खुर्चीसमोर तोंड करून उभा राहिला आणि वाजवायला लागला.

ढप.

ओली गोधडी बडवावी तसा आवाज. ढप. ढप ढप. ताल तोच, दवंडीचा, गावातल्या पोरासोरांनाही ओळखू येणारा, फक्त त्यातला जीव काढून घेतलेला. पहिल्या ओळीत बसलेला एक म्हातारा पुटपुटला, "आरं, ह्ये काय करायलाय लखमा?" शेजारच्यानं त्याला कोपर मारलं. मागं बाया कुजबुजल्या आणि मोठ्या घरच्या दोघींनी आपली लेकरं पदराखाली ओढली. आप्पांचं तोंड मी पाहिलं. आधी पांढरं, मग वांग्यासारखं. पण उठावं कसं? पाहुणा शेजारी, गळ्यात हार, समोर माईक. त्यांना ती शिवी बसून, हसऱ्या चेहऱ्यानं, शेवटपर्यंत ऐकावी लागत होती. मला वाटलं, बापा, तू लय मोठा माणूस हायस. सगळं गाव तुझ्यासमोर बसून आपली शिवी ऐकतंय आणि एकाची टाप नाही उठायची.

त्या एका क्षणाइतका सुखी मी आयुष्यात क्वचितच झालो असेन. पण तेवढ्यात गिरधरसाहेबानं फेटा काढून खुर्चीत ठेवला, टेपरेकॉर्डर घेऊन चिखलात गुडघे टेकले आणि माईक हलगीच्या अगदी पोटाशी धरला. त्याचे डोळे मिटलेले. बाप थांबला तसा तो उठला, डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि टाळ्या वाजवायला लागला. एकटाच. मोठ्यानं. लहानपणी पडक्या घरात सापडलेलं ते 'ठप' त्याला एवढ्या लांब, आमच्या चिखलात पुन्हा सापडलं होतं.

आप्पा हुशार माणूस. त्यांनी एकदा पाहुण्याकडं बघितलं आणि त्यांचं तोंड उजळलं. तेही टाळ्या वाजवायला लागले. "बगितलं का? लखमा आमचा कलावंत हाय, कलावंत!" झालं, सगळ्या गावाचा अडकलेला श्वास सुटला. लोक हसले, टाळ्यांचा कडकडाट, पोरांच्या शिट्ट्या. आप्पांनी आपल्या गळ्यातला हार काढून बापाच्या गळ्यात घातला. शिवी दिलेल्या माणसाच्या गळ्यात हार! माझ्या बापानं आयुष्यभर साठवलेली एकच शिवी, आणि ती त्यांनी गुळासारखी खाऊन टाकली, ढेकरसुद्धा दिला.

मला आजही त्या टाळ्यांचा राग येतो. लोक म्हणतात वयाबरोबर राग निवतो. चहा निवतो. राग झाकून ठेवला तर गरमच राहतो. आप्पांचा येतो, पण आप्पा आप्पाच होते, त्यांच्याकडून दुसरं काय अपेक्षित. मला जास्त राग त्या भल्या माणसाचा येतो, ज्याला ते इतकं आवडलं की हे कुणाला उद्देशून चाललंय असं विचारायचंही सुचलं नाही.

साहेब टेपशी खटपट करत, नवी फीत चढवत माझ्याकडं वळला. "अगेन! प्लीज! वन्स मोअर!"

बापानं विचारलं, "काय म्हणायलाय?"

"पुन्यांदा वाजवा म्हणतोय."

बापानं हार काढला. फेकला नाही, आप्पांच्या खुर्चीच्या हातावर ठेवला. मग मला म्हणाला, "सांग त्याला. थंडी कामून हाय ते सांग. दवंडी कुणी द्यायला लावली तेबी सांग."

"बाबा, इथं?"

"मंग काय जर्मनीत जाऊन सांगतूस?"

भाषणाचा माईक माझ्याच हातात होता. साहेबानं टेप सुरू केला, त्याची लाल बत्ती लागलेली मला दिसत होती. मी सुरुवात केली. "सर, धिस इज नॉट म्युझिक." आणि अडलो. शिवीला इंग्रजी शब्द काय? बी. ए.ला शिव्या नव्हत्या. "माय फादर इज गिव्हिंग अ बॅड वर्ड. टू धिस व्हिलेज." मग जेवढे शब्द येत होते तेवढे एकामागं एक फेकले: हाऊस, फायर, ड्रम, धिस मॅन, दॅट मॅन, ऑल मेन. हेडमास्तरांना कळलं, ते माईकच्या तारेकडं धावले. मी मराठीत वळलो. म्हणालो, याच हलगीनं त्या दिवशी तुम्हाला मारुतीपाशी गोळा केलं. माझ्या बापाला न सांगता, त्याच्याच हातानं तुम्ही त्याची आणि शेजाऱ्याची घरं जाळायला माणसं जमवली. आज ती तुम्हाला शिवी द्यायलीय आणि तुम्ही टाळ्या वाजवायलात. ती शिवी आहे, घ्या ती नीट, हार घालून परत करू नका. माईक मधेच बंद पडला होता, पण त्यानं काय होतं? मी दवंडीवाल्याच्या घरातला.

आप्पा म्हणाले, "सुद्या, उतर खाली." सुदामराव संपले.

लोक उठू लागले, आवाज चढले. इंजिनियर नुकताच जीप घेऊन आला होता, तो मेव्हण्याचा दंड धरून ओढायला लागला. गिरधरसाहेब मात्र बापासमोर उभा होता. त्याला किती कळलं होतं मला सांगता येत नाही. तोंड पडलेलं होतं. त्यानं हात जोडले आणि बापाच्या डोळ्यांत बघून काहीतरी बोलला. इंग्रजीत नाही, त्याच्या भाषेत. चांगलं लांबलचक वाक्य होतं. मग त्याला जीपमध्ये कोंबलं.

बाप माझ्याकडं वळला. "काय म्हणला?"

जर्मन येतं म्हणून सगळ्या गावाला सांगत फिरलेला मी. बाप वाट बघत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मला काहीतरी विचारलं होतं, जे फक्त मला येणार होतं.

"ठावं न्हाई, बाबा."

माफ करा म्हणाला असेल. माझीही गल्ली जळाली म्हणाला असेल. जीपमध्ये टेप नीट ठेवा म्हणाला असेल. बाप मरेपर्यंत अधूनमधून, काही संबंध नसताना, विचारायचा, "त्यो काय म्हणला आसंल रं?"

दुसऱ्या दिवशी बांधावर बाभळीच्या काटेरी फांद्या पडल्या. माय ओढ्यातून जायची. संध्याकाळी दारात बसून पायाचा चिखल काडीनं खरवडताना ती एकदा म्हणाली, "त्यो टाळ्या वाजवून गेला. ह्येंनी शिवी देऊन घेतली. तू बोलून मोकळा झालास, गेलास परभणीला. आन् चिखल कुणाच्या पायाला?" त्या पावसाळ्यानंतर ओढ्यात झालेली तिच्या उजव्या घोट्याची जखम कधी पुरती भरली नाही.

आता माझी नात परभणीत कॉलेजला आहे. तिनं मोबाइलवर शोधलं. गिरधरसाहेब आता फार म्हातारे आणि फार मोठे झालेत. त्यांचं जीवन व कार्य तिथं व्यवस्थित लिहिलेलं आहे, बॉम्ब, पडकं घर, तुटका पियानो, सगळं. त्यांच्या गाजलेल्या रचनांत एक आहे जिची सुरुवात भारतातल्या एका निनावी वादकाच्या ढोलानं होते. निनावी! मी दोनदा सांगितलं होतं, सावकाश. नातीनं ती लावली. बापाची हलगी, ढप, ढप ढप. मग टाळ्या, आप्पांच्यासुद्धा. आणि मग माझा आवाज, विशीतला, कापरा: "सर, धिस इज". तिथं कात्री. पुढं पियानो. इतका सुंदर पियानो की नात म्हणाली, "आजोबा, रडायला येतं हो." मला रडायला नाही आलं.

मी ती रचना आता बऱ्याचदा ऐकतो. माझा आवाज आला की बोटानं मोबाइल थांबवतो आणि ते वाक्य उरलेलं पूर्ण म्हणतो, मोठ्यानं, आधी इंग्रजीत, मग मराठीत, फायरपर्यंत, धिस मॅन दॅट मॅनपर्यंत. सून आतून म्हणते, "बाबा, हळू. शेजारी ऐकायलेत."

ऐकू देत की.